नौपाड्यातल्या आमच्या दुकानाच्या रिव्ह्यूला उत्तर : बोर्ड चांगला होता

नमस्कार साहेब,

आम्ही कॉम्प्युटरचा खराब मदरबोर्ड (ज्यावर सगळे पार्ट जोडतात तो मुख्य बोर्ड) तुमच्या गळ्यात मारला आणि परत घेऊन आल्यावर 'दोन वायरी लावायचे' ४०० रुपये घेतले, असं तुम्ही लिहिलंय. मजुरीबद्दल तुमचं मत तुमच्यापाशी. बोर्डाबद्दल मात्र इथे वाचणाऱ्यांचा गैरसमज होऊ नये, म्हणून सविस्तर लिहितो.

घोडबंदर रोडवरून कॅबिनेट रिक्षात घालून तुम्ही आलात तेव्हा बटण दाबून पंखासुद्धा हलत नव्हता. बोर्ड गेला असं कुणालाही वाटलं असतं. आमच्या टेक्निशियनने कॅबिनेटच्या पुढून येणाऱ्या बारीक वायरी सोडवल्या आणि पॉवर स्विचच्या दोन पिनांना स्क्रू ड्रायव्हरचं टोक टेकवलं. मशीन तिथल्या तिथे चालू झालं, स्क्रीनवर बायोस, म्हणजे बोर्डाचा स्वतःचा सेटिंगचा स्क्रीन, आलं. बोर्ड खराब असता तर हे झालंच नसतं.

घोळ कनेक्टरचा होता. कॅबिनेटच्या या बारीक वायरी लावायला बोर्डावर नऊ पिना असतात, दोन ओळींत, एका टोकाची पिन मुद्दाम गाळलेली. एका ओळीत पॉवरचा दिवा आणि त्याला लागून पॉवर स्विच, दुसऱ्या ओळीत हार्ड डिस्कचा दिवा आणि रिसेटचं, म्हणजे मशीन पुन्हा सुरू करायचं, बटण. तुमच्या कॅबिनेटच्या पॉवर दिव्याचं कनेक्टर तीन भोकांचं निघालं, मधलं भोक रिकामं. बोर्डावर दिव्याच्या दोन पिना मात्र शेजारी-शेजारी. ते तीन भोकांचं कनेक्टर बसवलं की पॉवर स्विचची एक पिन अडते. जागा उरली नाही, म्हणून मशीन जोडताना तुमच्या मुलाने पॉवर स्विचची वायर समोरच्या ओळीत, रिसेटच्या पिनांवर लावली. मग बटण दाबून काय होणार?

आम्ही बारीक सुईने कनेक्टरची प्लास्टिकची जीभ उचलली, कडेचं धातूचं टोक अलगद ओढून मधल्या भोकात सरकवलं. जीभ तुटली तर वायर कायमची सैल राहते, त्यामुळे हे काम घाईत होत नाही. दिव्याचं प्लस-मायनसही बघून लावावं लागतं, उलटं लागलं तर तो पेटत नाही. स्विचला ती अडचण नसते. यूएसबी ३.०चं जाड कनेक्टर जोर देऊन बसवल्यामुळे बोर्डावरची एक पिन वाकली होती, तीही सरळ केली. हे तुमच्या रिव्ह्यूत आलेलं नाही.

सगळे पार्ट आमच्याकडून घेतले तर जोडणीचे पैसे आम्ही घेत नाही. तुम्ही इथून फक्त बोर्ड घेतला होता, बाकी सामान ऑनलाइन मागवलेलं. ४०० रुपये लागतील हे मशीन उघडायच्या आधी सांगितलं आणि तुम्ही हो म्हणालात, तेव्हाच हात लावला.

आणि मुलाला रागावू नका. प्रोसेसर, रॅम, कूलरची पेस्ट, सगळं त्याने नीट बसवलंय. पहिल्यांदा मशीन जोडणारे याच वायरींपाशी अडतात, कॅबिनेटबरोबर येणाऱ्या कागदावरही याबद्दल धड काही लिहिलेलं नसतं. त्याला पुन्हा काही विचारायचं असेल तर खुशाल पाठवा, दाखवायचे पैसे लागत नाहीत.

बोर्डाची वॉरंटी बिलावर आहे तशीच चालू आहे. मजुरी जास्त वाटली असेल तर ते वाक्य आणि तो एक स्टार राहू द्या. 'खराब बोर्ड' एवढे दोन शब्द मात्र काढावेत, ही विनंती.