एकशे ऐंशी रुपयांचा किडनी ट्रे

परवा गुरुवारी आप्पांना हॉस्पिटलमधून घरी आणलं. हे वाक्य ऐकायला अगदी सुटसुटीत वाटतं. आमच्या ह्यांनाही तसंच वाटलं. ते बंगळूरला होते. रात्री फोनवर म्हणाले, "आणलंस ना? मग झालं तर!"

झालं तर.

गुरुवार म्हणजे पाणी बंद. पाणी बंद म्हणून मावशींची सुट्टी, कारण भांडी घासायची कशाने, हा त्यांचा प्रश्न बिनतोड असतो. चिरंजीवांचा गणिताचा पेपर आणि कंपासपेटी बेपत्ता. पहाटे पाचला उठून पिंप, बादल्या, पातेली, शेवटी कुकरसुद्धा पाण्याने भरला आणि मग लक्षात आलं, भात लावायला आता कुकर नाही. हे सगळं तसंच टाकून एरंडवण्यातल्या हॉस्पिटलात पोचले, तर साडेनऊच्या राउंडला डॉक्टर हसून म्हणाले, "आज घरी जा." आप्पांनी लगेच लेंगा-झब्बा चढवला, टोपी घातली आणि घरून आणलेली फुलाफुलांच्या अभ्र्याची उशी पोटाशी धरून ते पलंगाच्या कडेला बसले. खोकताना टाक्यांवर ताण येऊ नये म्हणून ती उशी. तसेच ते संध्याकाळपर्यंत बसून होते.

ऑपरेशन हर्नियाचं. पण हा शब्द उच्चारायचा नाही, अशी आप्पांची सक्त ताकीद. सोसायटीत, नात्यात, फोनवर सगळीकडे "पोटाचं, छोटंसं" एवढंच. (हे लिहिलेलं कृपया त्यांना कुणी दाखवू नये.)

डिस्चार्ज हा शब्द मात्र दिवसभर खुशाल उच्चारावा, काही फरक पडत नाही. समरीवर डॉक्टरांची सही हवी आणि डॉक्टर थिएटरमध्ये. उरलेली औषधं फार्मसीत परत करायची, त्याची स्लिप वॉर्डात, वॉर्डाचा क्लिअरन्स बिलिंगला, बिलिंगची फाईल इन्शुरन्सवाल्यांना. हे सगळं होऊन फाईल निघाली बारा चाळीसला. मी खाली बिलिंगच्या हॉलमध्ये बसले आणि माझ्या शेजारी ते काका.

सत्तरीचे, हाफ शर्ट, मांडीवर प्लॅस्टिकचं फोल्डर, खिशाला दोन पेनं. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "कॅशलेस? बिल विमा कंपनी परस्पर भरणार?"

"हो."

"फाईल किती वाजता गेली?"

"बारा चाळीस."

त्यांनी फोल्डरमधून कागद काढला आणि लिहिलं, '१२:४०'. "तीन तास. एकोणतीस मे दोन हजार चोवीसचं परिपत्रक. विमा नियामकाचं. हॉस्पिटलने कळवल्यापासून तीन तासांत मंजुरी. उशीर झाला आणि हॉस्पिटलने त्याचे जादा पैसे लावले तर ते कंपनीने भरायचे. तेही भागधारकांच्या पैशातून!" भागधारकांना हा फटका बसणार याचा त्यांना विलक्षण आनंद दिसला.

"पण साडेनऊपासून बसलोय आम्ही."

"ते धरत नाहीत," ते म्हणाले. "घड्याळ फाईल गेल्यावर सुरू. आधीचा वेळ तुमचा."

मग आवाज एकदम वाढवून, "पेशंटला काय झालंय?"

"पोटाचं... छोटंसं."

"हर्निया!" काकांनी अख्ख्या हॉलला जाहीर केलं. "जाळी बसवली असेल! लाजायचं काय त्यात?" समोरच्या रांगेतल्या चार बायकांनी माझ्याकडे बघून मान डोलावली.

तेवढ्यात गॅसवाल्याचा फोन. सिलेंडर दारात आहे, शेजारच्या वहिनी घ्यायला तयार आहेत, पण कोड पाहिजे. मेसेज उघडला, मोठ्याने आकडे वाचले, तर आवाज कटला. पुन्हा फोन लागेपर्यंत मेसेज कुठेतरी खाली गेलेला. मी स्क्रीनवर बोट घासत असताना काकांनी आपल्या कागदाकडे बघून शांतपणे माझा कोड वाचून दाखवला. '१२:४०'च्या खाली लिहून ठेवला होता.

"तुमचं कोण ॲडमिट आहे?" मी विचारलं. इतका वेळ विचारलं नव्हतं याची जरा लाजही वाटली.

"कोणी नाही. हिला मागच्या आठवड्यातच घरी नेलं. पावतीची डुप्लिकेट घ्यायला आलो होतो, सकाळी मिळाली. म्हटलं, आलोच आहे तर बसावं जरा. एसी आहे."

दोन वाजता वर गेले. आप्पा उशी धरून तसेच. जेवण? कॉम्प्युटरवर डिस्चार्ज पडला की पेशंटचं जेवण आपोआप बंद होतं म्हणे. म्हणजे पलंग सोडायची परवानगी नाही, पण वरण-भात मिळायची पात्रता गेली. शहात्तर वर्षांचा माणूस, पोटात सकाळचा उपमा आणि वर गोळ्या. कॅन्टीनमधून इडली आणली तर म्हणाले, "राहू दे, आता घरीच जेवू." पिशवीतला बिस्किटाचा पुडा त्यांनी काढला. दोन खाल्ली आणि तिसरं माझ्यासमोर धरलं. मला खरंच काहीतरी फोडावंसं वाटत होतं. कुणावर ओरडायचं तेच कळेना. जो भेटला तो नम्र होता, "प्रोसेसमध्ये आहे मॅडम" म्हणत होता आणि जेवायला जात होता.

चार पाचला मंजुरी आली. "पंचवीस मिनिटं लेट!" काका माझ्याआधी काउंटरवर. तिथली मुलगी म्हणाली, "काका, त्याचं बेडभाडं लावलंच नाहीये." काकांचा चेहरा उतरला.

मग आली 'नॉन-पेएबल'ची यादी. विमा कंपनी काय देत नाही त्याची अडुसष्ट कलमांची अधिकृत यादी आहे. तीत बेबी फूडपासून सौंदर्यसेवेपर्यंत सगळं आहे. सौंदर्यसेवेचं समजू शकते. पण हातमोजे, मास्क, थर्मामीटर, पोटाचा पट्टा? हर्नियाच्या पेशंटने पोटाचा पट्टा हौसेने बांधला असं कंपनीला वाटतं का? बोट सरकवत शेवटच्या ओळीला आले : किडनी ट्रे (पेशंटच्या तोंडापुढे धरतात ती मूत्रपिंडाच्या आकाराची वाकडी तबकडी), १८० रुपये.

"हा कुठे आहे?" मी विचारलं.

"मॅडम, तो वॉर्डात वापरतात."

"पण पैसे मी दिले."

"हो."

"मग तो माझा."

मुलगी गप्प. मागून काका हळूच म्हणाले, "ताई, सोडू नका."

सोडलं असतं एरवी. पण त्या क्षणी साडेनऊपासूनचा सगळा राग त्या ट्रेवर गोळा झाला होता. "मला माझा ट्रे पाहिजे," मी म्हणाले. आवाज जरा चिरकला. वर फोन गेला. सुपरवायझर आले. "डिस्पोजेबल असतो, टाकून दिला असेल."

"टाकलेला दाखवा," काका म्हणाले.

दहा मिनिटांनी वॉर्डातल्या मावशी निळा, प्लॅस्टिकचा, कोरा करकरीत ट्रे घेऊन आल्या. तेवढ्यासाठी त्या तीन मजले उतरल्या होत्या, लिफ्टने फक्त स्ट्रेचर नेतात म्हणून. मी थँक्यू म्हटलं तर त्या काही बोलल्या नाहीत. ते आठवलं की अजून अवघडल्यासारखं होतं. काकांनी मात्र ट्रे हातात घेऊन वळवून-वळवून पाहिला, कागद फोल्डरमध्ये ठेवला आणि समाधानाने उठून घरी गेले.

रिक्षात मी ट्रे मांडीवर धरला, आप्पांनी उशी. एरंडवणे ते कोथरूड अकरा स्पीडब्रेकर आहेत. आपण धडधाकट असताना हे दिसत नाहीत. प्रत्येकाला आप्पा डोळे मिटायचे आणि रिक्षावाला आरशात बघून "सॉरी काका" म्हणायचा. भला माणूस, पण सॉरी म्हणायचा तो स्पीडब्रेकर गेल्यावर.

घरी कुकरमधलं पाणी पातेल्यात ओतून मुगाची खिचडी लावली. जेवून आप्पा आडवे झाले, कवळी काढली आणि ठेवायला नेहमीची वाटी सापडेना, ती पाणी भरून गॅलरीत. मी ट्रे पुढे केला. कवळी त्यात अशी बसली, जणू मापानेच घडवलाय.

आप्पांनी कौतुकाने पाहिलं. "छान आहे गं. केवढ्याला?"

"एकशे ऐंशी."

आप्पा बराच वेळ गप्प. मग बिनदातांच्या तोंडाने म्हणाले, "तुळशीबागेत चाळीसला दिला असता."