वरच्या मजल्याचं कुलूप कसं सांभाळावं

कोल्हापुरात स्वतःचा बंगला आहे, वर दोन खोल्या आहेत आणि जिना बाहेरून आहे? मग तुमचं काही खरं नाही. आज ना उद्या कुणीतरी फाटकात उभं राहून विचारणार, "काका, वरच्या खोल्या भाड्यानं देणार काय?"

म्हणून आधी वर सामान भरा. गणपतीच्या मखराचं थर्माकोल, जळका मिक्सर, बारावीची गाईडं आणि एक कॉट, जिच्या गादीवरचं प्लॅस्टिक अजून निघालेलं नाही. ही गादी धाकट्याची. धाकटा सात वर्षांपूर्वी पुण्याला गेला; येतो तेव्हा खाली हॉलमध्येच पंख्याखाली आडवा होतो. तरी महिन्यातून एकदा वर जाऊन नळ सोडून यायचं, नाहीतर गंज धरतो.

कुणी आलंच तर थेट नाही म्हणू नका. कोल्हापूरकर आहात, चहा पाजा. "पाहुणं, गाव कुठलं?" इथून सुरुवात करून आडनाव, मग मामाचं गाव असं खोदत जा, जे विचारायचंय ते न विचारता कळतं. मग "व्हेज का नॉनव्हेज?" रविवारी तुमच्याच कुकरचा वास गल्लीच्या टोकाला जात असला तरी हे विचारायचंच. विद्यापीठात शिकणारी पोरगी असेल तर "मुलींची जबाबदारी नको", पोरगा असेल तर "बॅचलर नको", आणि नवरा-बायको असतील तर "पाणी पुरत नाही हो".

शाहू महाराजांबद्दल मात्र भरभरून बोला. खेड्यातल्या पोरांची शहरात राहायची सोय व्हावी म्हणून १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं, मग एकेका समाजाची बोर्डिंगं उभी राहिली, हे जयंतीला दसरा चौकात सांगताना गळा दाटून आला पाहिजे. घरी आल्यावर जिन्याचं कुलूप एकदा ओढून बघा.

आणि "एकदा शिरला की निघत नाही" ही भीती लोणच्यासारखी मुरवत ठेवा. आजोबांच्या वेळचा पंधरा रुपये भाड्याचा भाडेकरू त्यासाठी फार उपयोगी पडतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ असं कुणी म्हणालं की विषय पावसावर न्या. कारण त्याच्या कलम २४ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपली की राहणाऱ्यानं जागा सोडायची, नाही सोडली तर दुप्पट भाडं भरायचं, आणि ताब्यासाठी सक्षम प्राधिकाऱ्याकडं जाता येतं. करार नोंदवायची जबाबदारी मालकाची, तीही घरबसल्या ऑनलाइन उरकते. हे सगळं डोक्यात शिरलं तर भीती जाईल, आणि मग चहा पाजून झाल्यावर सांगणार काय?

२०११ च्या जनगणनेत देशातल्या शहरांत १ कोटी १० लाखांच्या आसपास घरं रिकामी निघाली. त्यात आपल्याही दोन खोल्या असाव्यात म्हणून छाती जरा फुगवायला हरकत नाही. कट्ट्यावर मात्र "गरिबाला घर परवडंना झालंय, महापालिका झोपलीय काय?" असंच म्हणायचं.

रविवारी धाकट्याचा फोन येईल. कोथरूडला कुणाच्या तरी बंगल्यावरची एक खोली त्याला मिळालीय. तीन ठिकाणी आडनाव सांगून झाल्यावर. मालक रात्री दहाला फाटक लावतो, पाहुणा आणू देत नाही, अंड्याचं टरफलसुद्धा केरात चालत नाही. शेवटपर्यंत ऐकून घ्या. "कसली माणसं असतात रे बाबा!" म्हणून हळहळा. आणि फोन ठेवून वर जा, या महिन्याचा नळ सोडायचा राहिलाय.