रेडिएटरात कॉस्टिक ओतण्याआधी

नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) जवळ आला की जुन्या गाड्या बाळगणाऱ्यांमध्ये एक मेसेज फिरू लागतो. मजकूर थोडक्यात असा: "अ‍ॅम्बेसेडर किंवा पद्मिनी तापते? रेडिएटरात अर्धा किलो कॉस्टिक सोडा टाका, नाहीतर व्हिनेगर ओतून दोन दिवस ठेवा, सगळा गाळ निघेल. थर्मोस्टॅट काढून फेका. जुन्या इंजिनाला कूलंट लागत नाही, बोरचं पाणी पुरे. गळत असेल तर दोन चमचे हळद." नागपुरात हे सल्ले पाळून इंजिनं बिघडतात, म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

कॉस्टिकने गाळ निघतो. निघत नाही. कॉस्टिक तेलकटपणा काढतं. क्षाराचा पांढरा थर किंवा गंज त्यात विरघळत नाही. विरघळतं ते अ‍ॅल्युमिनियम. अ‍ॅम्बेसेडरच्या १४८९ सीसी पेट्रोल इंजिनाचा ब्लॉक (सिलिंडर असलेला मुख्य भाग) आणि हेड (त्यावर बसणारा भाग) दोन्ही बिडाचे, पण पद्मिनीच्या १०८९ सीसी इंजिनाचं हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे. गरम कॉस्टिकमध्ये ते फेसाळत झिजतं आणि हायड्रोजन वायू सुटतो. मग गॅसकेट (हेड आणि ब्लॉकमधली गळती रोखणारी चकती) बसण्याचा पृष्ठभागच खराब होतो.

व्हिनेगर दोन दिवस ठेवा. व्हिनेगरने चुन्याचा थर विरघळतो, एवढं खरं. पण जुने रेडिएटर तांब्या-पितळेचे असतात आणि त्यांचे जोड शिसे-कथिलाच्या डागाचे, म्हणजे सोल्डरचे. अ‍ॅसिटिक आम्ल शिशाला खातं. दोन दिवसांत थर निघेल आणि डागही कमजोर होतील.

मुळात काय साचलंय हे न बघता काहीही ओतणं हीच खरी चूक आहे. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर रेडिएटरचं झाकण उघडा आणि गळ्याच्या आतल्या बाजूचा थर खरवडून पांढऱ्या कागदावर घ्या. पांढरा-करडा, टणक आणि लिंबाच्या रसाने बुडबुडे येणारा असेल तर तो पाण्यातला क्षार. लाल-तपकिरी चिखल म्हणजे ब्लॉकचा गंज; काळा असून चुंबकाला चिकटत असेल तर तोही लोखंडाचाच. हिरवट जेलीसारखा असेल तर दोन न जुळणारे कूलंट (इंजिन थंड ठेवणारी द्रव्यं) एकत्र झालेत. दुधाळ, साईसारखा चिकट असेल तर तेल मिसळलंय. अशा वेळी धुण्याच्या भानगडीत पडू नका, आधी हेड गॅसकेट तपासा.

मग रेडिएटरची जाळी, म्हणजे पाणी थंड करणाऱ्या नळ्यांचा भाग. इंजिन गरम झाल्यावर पंख्यापासून हात लांब ठेवून इन्फ्रारेड थर्मामीटर जाळीवर वरून खाली फिरवा. तापमान खाली हळूहळू उतरायला हवं. मध्येच एखादा उभा पट्टा एकदम थंड लागला तर तेवढ्या नळ्या बंद आहेत. अशी अर्धवट बंद जाळी डिसेंबरात निभावते: पाणी ९० अंश, हवा १५, म्हणजे फरक ७५. मे महिन्यात हवा ४५ वर गेली की फरक उरतो ४५, आणि तीच गाडी व्हेरायटी चौकातल्या सिग्नलला उकळते.

क्षार आणि गंजासाठी लिंबूसत्त्व वापरा; इतवारीतल्या किराणा दुकानांत सुटं मिळतं. जुनं कूलंट रेडिएटरच्या आणि ब्लॉकच्या, दोन्ही ड्रेन कॉकमधून (पाणी सोडण्याच्या तोट्यांतून) काढा. ब्लॉकचा कॉक बहुतेकदा गाळाने बुजलेला असतो, तारेने मोकळा करा. निघालेलं पाणी मोजा. बिडाच्या हेडसाठी लिटरला ५० ग्रॅम, अ‍ॅल्युमिनियमच्या हेडसाठी २५ ग्रॅम लिंबूसत्त्व डिस्टिल्ड पाण्यात पूर्ण विरघळवून भरा. हीटर असेल तर उघडा ठेवा. थर्मोस्टॅट (पाणी ठराविक तापल्यावरच ते रेडिएटरकडे सोडणारी झडप) उघडेपर्यंत इंजिन तापवा आणि मग २० मिनिटं चालवा. रात्रभर ठेवू नका. इंजिन आपोआप थंड होऊ द्या; तापलेल्या बिडावर गार पाणी पडलं तर हेडला तडा जाऊ शकतो. मग थर्मोस्टॅट तात्पुरता काढून कमी दाबाच्या पाइपने खालून वर, म्हणजे उलट्या दिशेने, स्वच्छ पाणी येईपर्यंत धुवा. शेवटचं धुणं डिस्टिल्ड पाण्याचं. एवढं करूनही थंड पट्टा राहिला तर रेडिएटर उतरवून टाकी उघडायची आणि नळ्यांत सळई मारून घ्यायची. तिथे दुसरं आम्ल शोधण्यात अर्थ नाही.

थर्मोस्टॅट काढून फेका. मेसेजमधला हा सल्लाही चुकीचा; त्याने बंद नळ्या उघडत नाहीत. उलट हिवाळ्यात इंजिन तापायला उशीर लागतो, पेट्रोल जास्त जळतं, सिलिंडर झिजतात. शंका असेल तर तो पातेल्यातल्या पाण्यात टांगून तापवा. ८२ आकडा कोरलेला थर्मोस्टॅट त्याच्या आसपास उघडू लागला पाहिजे; नसेल उघडत तर नवा बसवा.

बोरचं पाणी पुरे. हिशेब करा. पाण्यात लिटरला ४०० मिलिग्रॅम क्षार धरला तर सहा लिटरच्या एका भरण्यात जेमतेम अडीच ग्रॅम येतो. पण रोज अर्धा लिटर वरून घातलं तर वर्षाला १८० लिटरहून जास्त पाणी, म्हणजे सत्तर ग्रॅमहून अधिक क्षार, आणि तो बसतो सगळ्यात गरम भिंतींवर. नागपुरात पाणी गोठत नाही हे बरोबर, पण कूलंट इथे गंज थांबवायला आणि उत्कलनबिंदू वाढवायला हवं. एक भाग हिरवं, तांब्या-पितळेच्या रेडिएटरला चालणारं ग्लायकॉल कूलंट आणि दोन भाग डिस्टिल्ड पाणी. दर दोन वर्षांनी बदलायचं. काढलेलं कूलंट गटारात सोडू नका. ते गोडसर आणि विषारी असतं, कुत्री आणि गुरं चाटतात.

हळद. ती छिद्राआधी अरुंद नळ्या आणि हीटर बुजवते. गळती शोधायची तर थंड इंजिनावर प्रेशर टेस्टर (रेडिएटरमध्ये हवेचा दाब देणारा पंप) लावा, झाकणावर लिहिलेल्या दाबापेक्षा जास्त हवा भरू नका, आणि होजची टोकं, वॉटर पंपाखालचं छिद्र, ब्लॉकच्या बाजूच्या पत्र्याच्या टोप्या या क्रमाने बघा.