हयातीचा दाखला

पाळीव प्राण्यांच्या मृत्यूची समाजाने एक प्रतवारी लावून ठेवली आहे. कुत्रा गेला तर लोक घरी येऊन बसतात, मांजर गेले तर फोन करतात, पोपट गेला तर निदान चुकचुकतात. मासा गेला असे सांगितले की मात्र समोरचा माणूस पुढच्या वाक्याची वाट पाहतो, कारण ही बातमी नसून एखाद्या बातमीची प्रस्तावना असावी असा त्याचा समज असतो. आमचे बंडोपंत गेले तेव्हा मी ते वाक्य पुरे करून थांबलो आणि ऐकणाऱ्याने अत्यंत सौजन्याने विचारले, "बरं, मग?"

बंडोपंत हा गोल्डफिश होता. लेक बालवाडीत असताना कुणीतरी तो तिला वाढदिवसाची भेट म्हणून, पाण्याने भरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून आणून दिला आणि ती नोकरीसाठी परगावी गेली तेव्हाही तो काचेला तोंड लावून हजर होता. सुरुवातीला त्याचे नाव नुसते बंडू होते. लेक माध्यमिक शाळेत गेली त्या सुमारास बंडूचा बंडोपंत झाला, आणि शेवटच्या काळात तर बायकोने "त्यांनी खाल्लं का?" असे विचारले की प्रश्न माझ्या वडिलांविषयी आहे की माशाविषयी, हे घड्याळ पाहूनच ठरवावे लागे.

तो आला त्या दिवशी घरातल्या सर्व जाणत्या मंडळींनी त्याला एक आठवडा दिला होता. हे भाकीत अगदीच निराधार नव्हते, कारण तो ज्या गोल काचेच्या भांड्यातून आयुष्याला सामोरा जाणार होता, त्यात गोल्डफिश सहसा लवकरच मरतात, आणि त्यावरून ही जातच अल्पायुषी आहे असे लोक समजून चालतात. नीट सांभाळला तर गोल्डफिश दहा-पंधरा वर्षे सहज जगतो आणि पुष्कळदा त्याहूनही पुढे जातो. परंतु हे ठाऊक नसल्यामुळे आमच्याकडे जन्म आणि मृत्यू या विषयावर एक छोटेखानी भाषण तयार ठेवण्यात आले, जे प्रसंग येताच मी लेकीला हळुवार आवाजात ऐकवायचे होते. दर काही दिवसांनी मी त्याची मनातल्या मनात उजळणी करीत असे. भाषण उत्तरोत्तर चांगले होत गेले. प्रसंग मात्र येईना.

मग बायकोने या विषयावरचे सगळे वाचून काढले आणि घरात मोठी चौकोनी टाकी, फिल्टर आणि रसायनशास्त्र या तिन्ही गोष्टी एकदमच आल्या. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया पाण्यात सोडतो आणि तो त्याच पाण्यात साठून त्यालाच विषारी ठरतो. फिल्टरच्या स्पंजात वाढणारे काही जीवाणू या अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसरे काही त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात आणि उरलेले नायट्रेट बाहेर काढण्यासाठी घरातल्या पुरुषाने दर आठवड्याला टाकीतले पाव हिस्सा पाणी उपसून तेवढेच नवे भरायचे असते. हे शेवटचे कलम पुस्तकात इतक्या स्पष्ट शब्दांत नव्हते, पण आमच्याकडे त्याचा अर्थ तसाच लावला गेला. नळाच्या पाण्यातले क्लोरीन माशाला आणि जीवाणूंना दोघांनाही मारक असल्यामुळे ते पाणी आधी क्लोरीनमुक्त करायचे, फिल्टरचा स्पंज नळाखाली न धुता उपसलेल्या जुन्याच पाण्यात हलके पिळायचा, आणि हे सर्व करताना टाकीतल्या पाण्याच्या तापमानाचा मान राखायचा. मला पूर्वी वाटे की मी एक मासा सांभाळतो आहे. प्रत्यक्षात मी कोट्यवधी जीवाणूंच्या सेवेत होतो आणि मासा हा केवळ त्यांचा कच्चा माल पुरवणारा इसम होता.

पाणी उपसायला एक पारदर्शक नळी असे. तिचे एक टोक टाकीत बुडवायचे आणि दुसरे तोंडाने ओढून पाणी वाहते करायचे, अशी पद्धत होती. पाणी अर्ध्या नळीच्या पुढे सरकले की तत्काळ तोंड बाजूला घ्यायचे असते, आणि 'तत्काळ' म्हणजे नेमके केव्हा, हे माणूस बंडोपंतांच्या आयुष्याशी थेट जिभेने परिचय झाल्यावरच शिकतो.

त्यांची भूक हा स्वतंत्र विषय होता. गोल्डफिशला पोट, म्हणजे जठर, नसतेच. अन्न घशातल्या दातांनी भरडले जाते आणि थेट आतड्यात जाते. ज्याला पोटच नाही त्याचे पोट भरणार तरी कसे? सकाळी बायकोने खायला घातले की ते माझ्यासमोर असे काही उपाशी चेहऱ्याने येत की मीही चिमूटभर टाकी, आणि दुपारी वडिलांना वाटे की या घरात मुक्या जिवाकडे कुणाचे लक्षच नाही. मग बंडोपंत एका कुशीवर तरंगू लागत, आणि त्यांना उपास घडवून नंतर उकडलेल्या मटाराचा साल काढलेला दाणा भरवावा लागे. माशाची स्मरणशक्ती तीन सेकंदांची असते, असे छातीठोकपणे सांगणारे पाहुणे त्या काळात पुष्कळ येत. ही समजूत साफ खोटी आहे. गोल्डफिशला खाण्याच्या मोबदल्यात तरफ दाबायला शिकवता येते आणि शिकलेले त्याच्या लक्षातही राहते. आमच्या बंडोपंतांना तर डबा कोणाच्या हातात आहे, एवढेच नव्हे तर घरातल्या कोणाला पाझर लवकर फुटतो, हेही पक्के ठाऊक होते. पाहुण्यांची नावे मात्र मी दोन वाक्यांत विसरत असे.

परंतु या सगळ्याहून मोठा जाच वेगळाच होता. मासा जसजसा वर्षे काढू लागला, तसतशी आमच्या सचोटीवरची लोकांची श्रद्धा उडत चालली. "तोच का हा?" हा प्रश्न आधी कौतुकाने विचारला जाई, मग आश्चर्याने, आणि पुढे पुढे पोलिसी स्वरात. माझे चुलते अण्णाकाका यांचे तर ठाम मत होते की आम्ही लेकीला न दुखवण्यासाठी गुपचूप मासे बदलत असतो आणि हा निदान चौथा असावा. भर म्हणून बंडोपंतांनी रंग बदलला. उतारवयात गोल्डफिशचा नारिंगी रंग पुष्कळदा फिकट होत जातो, त्याप्रमाणे ते हळूहळू रुपेरी झाले आणि लेकीच्या जुन्या वाढदिवसाच्या फोटोंतला झळझळीत नारिंगी पुरावा आमच्याच विरुद्ध उभा राहिला. "अरे, निदान रंग तरी जुळवून आणायचा!" अण्णाकाका म्हणाले.

मी त्यांना टिश या गोल्डफिशची हकीकत सांगितली. इंग्लंडमधल्या एका जत्रेत 1956 साली बक्षीस म्हणून मिळालेला हा मासा 1999 साली, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी वारला, त्याची नोंद गिनीजच्या विक्रमांत झाली आणि उतारवयात तोही नारिंगीचा रुपेरी झाला होता. अण्णाकाकांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "म्हणजे त्यांनीही बदलला."

संस्थेतल्या माशाचे हे एक बरे असते. सॅन फ्रान्सिस्कोच्या मत्स्यालयात मेथुसेला नावाचा ऑस्ट्रेलियन फुप्फुसमासा 1938 साली आला, ही तारीख त्यांच्या दप्तरी आहे, आणि अलीकडे त्याच्या पराचा बारीकसा तुकडा घेऊन डीएनएवरून काढलेले त्याचे अंदाजे वय 92 वर्षे भरले. घरगुती माशाकडे मालकाच्या शब्दाखेरीज दाखला नसतो. खवल्यांवर वाढीची वर्तुळे असतात व त्यांवरून माशाचे वय अजमावता येते, असे वाचून अण्णाकाकांनी एक खवला काढून देण्याची मागणी केली होती, ती बायकोने त्यांना चहा न देऊन फेटाळली.

या दीर्घायुष्याचे रहस्य विचारणाऱ्यांना माझे वडील 'मिताहार आणि निर्व्यसनीपणा' असे उत्तर देत. मिताहाराविषयी वर लिहिलेच आहे. निर्व्यसनीपणाचा बोजवारा लेकीने उडवला. तिने फोनवरून सांगितले की गोठलेल्या तळ्यात प्राणवायू संपला की गोल्डफिश शरीरात साठणाऱ्या लॅक्टिक आम्लाचे मद्यार्कात रूपांतर करून ते कल्ल्यांवाटे बाहेर सोडतो, आणि ही किमया कशी घडते हे 2017 साली ऑस्लो आणि लिव्हरपूलच्या संशोधकांनी उलगडून दाखवले आहे. आमच्या टाकीचे पाणी कधी गोठले नाही आणि एअरपंप अहोरात्र चालू असे, तरीही वडील त्यानंतर काही काळ टाकीकडे पाठ करून वर्तमानपत्र वाचत.

शेवटी शेवटी बंडोपंत तळाशी खड्यांजवळ स्थिर राहत. माशाला पापण्या नसल्यामुळे तो डोळे उघडे ठेवूनच झोपतो, त्यामुळे ते झोपले आहेत, विचारात आहेत की आटोपले आहेत, हे कळायला मार्ग नसे. रोज सकाळी घरातले कोणी ना कोणी टाकीसमोर वाकून कल्ल्याची हालचाल शोधत उभे राहायचे, आणि ती दिसली की मागे वळून "आहेत" एवढेच जाहीर करायचे. एका सकाळी वडील वाकले ते बराच वेळ सरळ झाले नाहीत.

लेकीला फोन केला. मी जन्म आणि मृत्यू यांवरचे ते इतकी वर्षे घोटलेले भाषण सुरू केले, पण दुसऱ्याच वाक्याला माझा आवाज बसला, आणि उरलेले भाषण तिनेच मला, जवळजवळ शब्दशः, ऐकवले. तयारीच्या काळात मी ते मनात म्हणत होतो, असा माझा समज होता. कार्यालयात मी रजेच्या अर्जावर 'घरगुती कारण' लिहिले. टिशला दह्याच्या रिकाम्या डब्यात घालून बागेत पुरले होते, तेव्हा आम्हीही त्यातल्या त्यात नीटसा डबा शोधला आणि कुंपणापाशी जागा केली.

संध्याकाळी अण्णाकाका आले. ते टाकीसमोर बराच वेळ उभे राहिले, त्यांनी चष्मा काढून पुसला, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "एवढं मनाला लावून घेऊ नकोस. तसाच एक आणून सोड. कुणाला कळणार आहे?"

बायकोने त्यांच्यासमोर बादली ठेवली, हातात ती पारदर्शक नळी दिली आणि टाकी रिकामी करायची आहे, तर तेवढी मदत करा, अशी विनंती केली. नळी तोंडाने ओढून सुरू करतात, एवढे तिने सांगितले. तोंड केव्हा बाजूला घ्यायचे, ते सांगितले नाही.