‘फोरमचे दिवस संपले’ या दाव्याला उत्तर

‘फोरम आता कालबाह्य झाले आहेत. समुदाय उभारायचा असेल तर चॅट अ‍ॅपवर ग्रुप काढा. लोक तिथे आहेतच, उत्तर लगेच मिळते, जुने सगळे शोधता येते आणि खर्च काहीच नाही,’ असा सल्ला हल्ली सर्रास पुढे पाठवला जातो. जुन्या शिलाई मशिनांच्या दुरुस्तीविषयीचा एक समुदाय मी आधी फोरमवर, म्हणजे प्रत्येक प्रश्नाची चर्चा वेगळी जपून ठेवणाऱ्या संकेतस्थळावर, आणि नंतर चॅटवरही सांभाळला असल्यामुळे हा सल्ला मला मुळीच पटत नाही.

लोक चॅट अ‍ॅपवर आहेत, हे खरे आहे. परंतु फोरमचा मोठा वाचकवर्ग सदस्य नसतोच. अडचण आली की तो सर्च इंजिनात चार शब्द टाकतो, एखाद्या जुन्या चर्चेवर येऊन पोहोचतो आणि काम झाले की निघून जातो. चॅटमधला संवाद सर्च इंजिनाला दिसत नाही, त्यामुळे या माणसासाठी तो ग्रुप अस्तित्वातच नसतो. शिवाय व्हॉट्सअ‍ॅपच्या एका ग्रुपला १,०२४ सदस्यांची मर्यादा आहे.

‘उत्तर लगेच मिळते’ हा मुद्दा सर्वांत आकर्षक आहे आणि माझ्या मते सर्वांत फसवाही आहे. आमच्याकडे सतत विचारला जाणारा प्रश्न म्हणजे ‘खालचा दोरा गुंततो, काय करू?’ प्रत्येक जण बॉबिन (खालच्या दोऱ्याची रीळ) काढून बघतो, पण दोष बहुधा वरच्या दोऱ्यात असतो: प्रेसर फूट (कापड दाबून धरणारा भाग) खाली असताना दोरा ओवला, तर दोऱ्याचा ताण राखणाऱ्या टेन्शनच्या चकत्या मिटलेल्या राहतात आणि दोरा त्यांच्यामध्ये बसतच नाही. फूट वर करून दोरा पुन्हा ओवला की टाका सरळ येतो. हे फोरमवर एकदा छायाचित्रांसह नीट लिहिले गेले आणि पुढे दुवा देऊन भागले. चॅटवर तेच आमच्या एका जाणत्या सदस्याने इतक्या वेळा लिहिले की अखेर त्यांनी लिहिणेच थांबवले. उत्तर लगेच मिळत होते, ते त्यांच्या जिवावर. ते गप्प झाल्यावर जी उत्तरे तितक्याच तत्परतेने येऊ लागली, त्यांतली बरीचशी चुकीची होती, आणि ती दुरुस्त होण्याआधीच शुभेच्छांच्या ओघात वर सरकून जात होती.

जुने सगळे शोधता येते, हे तर अर्धसत्यच आहे. ‘हो, तेच करा, मग सुटेल’ या संदेशात शोधण्याजोगा शब्द कोणता? प्रश्न एका संदेशात, छायाचित्र दुसऱ्यात, उत्तर पंधरा संदेशांनंतर, आणि मधे दोन वेगळ्याच गप्पा. व्हॉट्सअ‍ॅपवर नव्या सदस्याला आधीचा संवाद आपोआप दिसत नाही, आणि स्लॅक या चॅट अ‍ॅपच्या मोफत योजनेत ९० दिवसांपूर्वीचे संदेश झाकले जातात.

खर्चाबाबत मात्र तो सल्ला बराचसा बरोबर आहे. पीएचपीबीबी किंवा डिस्कोर्स ही फोरम चालवण्याची सॉफ्टवेअर मुक्त असली, तरी सर्व्हरला पैसे लागतात आणि बॅकअप कोणीतरी नेमाने घ्यावा लागतो. पण त्या बदल्यात सगळा डेटाबेस आपल्या हाती राहतो, आणि उद्या मी थकले तर तो जसाच्या तसा दुसऱ्याच्या स्वाधीन करता येतो.

राहिला कालबाह्यतेचा मुद्दा. डिस्कॉर्ड या चॅट अ‍ॅपने २०२२ मध्ये आपल्या चॅटमध्ये फोरम चॅनल आणले, म्हणजे प्रत्येक प्रश्नाला स्वतःचे शीर्षक आणि स्वतःची जागा देण्याची गरज खुद्द चॅटवाल्यांनाच भासली. पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या विकासाची चर्चाही त्याच वर्षी मेलिंग लिस्टवरून (सर्व सदस्यांना जाणाऱ्या ईमेलवरून) डिस्कोर्सवरच्या फोरमवर गेली. ज्या मंडळींना कोणतेही चॅट अ‍ॅप सहज वापरता आले असते, त्यांनी निवडलेली ही जागा आहे.

आमचा चॅट ग्रुप मी बंद केलेला नाही. एखादा सुटा भाग आज कोणाकडे आहे, हे विचारायला तो उत्तम आहे. मात्र तिथे सुटलेला प्रत्येक प्रश्न त्याच दिवशी शीर्षक देऊन फोरमवर नोंदवायचा, असे आम्ही ठरवले आहे, आणि वर सांगितलेल्या त्या जाणत्या सदस्यांनी फोरमवर पुन्हा लिहायला सुरुवात केली आहे.