'इंडियन ओशन' नेमका कधी संपला?

तुमची प्रतिक्रिया कडक आहे, पण मुद्द्याची आहे. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: 2009 मध्ये गायक-तबलावादक असीम चक्रवर्ती वारले तिथेच 'इंडियन ओशन' हा दिल्लीचा रॉक बँड संपला, 2013 मध्ये गिटारवादक सुस्मित सेन बाहेर पडल्यावर उरली ती नुसती पाटी. शिवाय हा रॉक नव्हेच, खिचडी आहे. आणि सिनेमाच्या नादी लागून बँड विकला गेला.

असीमबद्दल तुमच्याशी भांडण नाही. तबला वाजवता वाजवता त्याच दमात मोकळ्या गळ्याने गाणारा दुसरा कोण होता? त्यांच्यामागे बँडला दोन माणसं घ्यावी लागली, तबल्याला तुहीन चक्रवर्ती आणि गायला हिमांशू जोशी. तरीही ती जागा भरली असं मी म्हणणार नाही.

पण म्हणून बँड संपला? सुस्मित आणि असीम यांनी 1990 मध्ये दिल्लीत सुरुवात केली. बासवर राहुल राम 1991 ला आले, ड्रमवर अमित किलम तर 1994 ला, म्हणजे पहिला अल्बम निघून गेल्यावर. तुम्ही ज्या चौघांना 'खरा बँड' म्हणता, तेही असेच येत-जात जमले. आणि येणारा माणूस रिकाम्या हाताने येत नसे. राहुल राम नर्मदा बचाओ आंदोलनात होते (तेही कॉर्नेलची डॉक्टरेट खिशात टाकून!), म्हणून नर्मदा खोऱ्यातलं 'मा रेवा' हे लोकगीत बँडकडे आलं.

खिचडीचं म्हणाल तर 2000 सालचा 'कंदिसा' हा अल्बम पुन्हा ऐका. केरळच्या सिरियन ख्रिश्चनांची अरामाइक भाषेतली प्रार्थना आणि नर्मदेचं लोकगीत एकाच अल्बममध्ये आहेत, पण कुठे ठिगळ दिसत नाही. एकच सुरावट घोळवत राहायची, खाली बास धरून ठेवायचा, तबला आणि ड्रम एकमेकांना चढवत न्यायचे. गिटार कर्कश केली की रॉक, एवढीच तुमची व्याख्या असेल तर माझा इलाज नाही.

सुस्मित गेल्यावर बाज बदलला, हे कबूल. त्यांची गिटार सतारीच्या अंगाने जायची. त्यांच्या जागी आलेल्या निखिल राव यांचा हात वेगळा आहे. 2014 च्या 'तंदानू' अल्बममध्ये तर मला बँडपेक्षा पाहुण्यांचीच मैफल जास्त ऐकू आली. 2023 चा 'तू है' मात्र पूर्वग्रह बाजूला ठेवून ऐका.

राहिला विकलं जाण्याचा आरोप. 'ब्लॅक फ्रायडे' सिनेमातलं त्यांचं 'बंदे' हे गाणं घरोघरी पोचलं, हा काही गुन्हा नव्हे. त्यानंतर, 2010 मध्ये, याच बँडने '16/330 खजूर रोड' हा आख्खा अल्बम इंटरनेटवर फुकट वाटला. करोल बागेतल्या त्यांच्या तालमीच्या जागेचा तो पत्ता. त्यात आवाज असीमचा आहे आणि गिटार सुस्मितची. 2009 मध्ये संपलेल्या बँडचा हा 2010 चा अल्बम तुम्ही कोणत्या खात्यात टाकता, तेवढं कळवा.