मोठा पडदा, आखूड टेबल

संगणकावर गेम खेळण्यासाठी मोठा पडदा घ्यावा हा विचार मनात येणे जितके सोपे आहे, तितकेच तो पडदा निवडणे अवघड आहे. आणि या अवघडपणाचे मूळ पडद्यात नसून तो ज्या टेबलावर ठेवायचा त्या टेबलात आहे, असे माझे आता पक्के मत झाले आहे. पडद्याच्या खोक्यावर आकड्यांची रेलचेल असते. लांबी इंचांत, ठिपके लाखांत, चित्र बदलण्याचा वेग हर्ट्झमध्ये, प्रतिसाद मिलिसेकंदांत आणि प्रखरता निट्समध्ये दिलेली असते. मात्र ज्या एका आकड्यावर या साऱ्यांचा उपयोग अवलंबून असतो, तो आकडा, म्हणजे आपल्या डोळ्यांपासून काचेपर्यंतचे अंतर, कोणत्याही खोक्यावर छापलेला नसतो. तो ज्याचा त्याने मोजायचा असतो. माझे टेबल ७० सेंटिमीटर खोल असून ते भिंतीला टेकलेले आहे. पडद्याच्या पायाने अडवलेली जागा वजा केली आणि मी ताठ बसतो असे धाडसाने गृहीत धरले, तर हे अंतर ६५ सेंटिमीटर भरते.

पडद्याचे माप एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरके घेतात हे सर्वांना ठाऊक असते आणि खरेदीच्या वेळी सर्वजण ते विसरतात. २७ इंचांच्या जागी ५४ इंच घेतले तर पडदा दुप्पट होत नाही, चौपट होतो. शिवाय घडण, म्हणजे रुंदी-उंचीचे प्रमाण, बदलली की तेच इंच वेगळे वागू लागतात. ३४ इंची रुंद पडदा उंचीला साध्या २७ इंची पडद्याएवढाच असतो, आणि ४९ इंची अतिरुंद पडदा म्हणजे २७ इंची दोन पडदे मधली चौकट काढून शेजारी शेजारी मांडलेले. अशा परिस्थितीत नुसत्या इंचांवर विसंबण्यात अर्थ नाही, म्हणून मी वर्तमानपत्राचे कागद एकमेकांना चिकटवले, ते ४२ इंची पडद्याच्या मापाने, म्हणजे ९३ सेंटिमीटर रुंद आणि ५२ सेंटिमीटर उंच, कापले आणि टेबलामागच्या भिंतीवर डकवले. पत्नीने ते दृश्य थोडा वेळ न्याहाळले आणि एकच प्रश्न विचारला.

“अहो, यात दिव्याचं बटण झाकलं गेलं. आता दिवा लावायचा कसा?”

एवढा उजेड देणारा पडदा समोर असताना दिव्याची गरजच काय, असे उत्तर मी दिले. उत्तर तांत्रिकदृष्ट्या निर्दोष होते, परंतु त्याचे स्वागत झाले नाही.

माझा भाचा हा या विषयातला आमच्या घरचा अधिकारी पुरुष आहे. तो समोरच्याला दिसताक्षणी गोळी घालण्याचे गेम खेळतो आणि त्यासाठी २४ इंचांपेक्षा मोठा पडदा घेणे हा त्याच्या मते शुद्ध भ्रष्टाचार आहे, कारण मोठ्या पडद्याच्या कोपऱ्यात उभा असलेला शत्रू पाहायला डोळे फिरवावे लागतात आणि तेवढ्या वेळात शत्रूचे काम झालेले असते. त्याची सारी भक्ती हर्ट्झवर आहे. मीही २४० हर्ट्झचा पडदा घ्यावा का, असे विचारल्यावर तो म्हणाला, “मामा, तुम्ही गेममध्ये करता काय? घोड्यावर बसून डोंगरामागे मावळणारा सूर्य बघता. सूर्य काही २४० हर्ट्झनं मावळत नाही.”

हा टोमणा असला तरी त्याला गणिताचा आधार आहे, हे मान्य करावे लागेल. ६० हर्ट्झचा पडदा दर १६.७ मिलिसेकंदांनी नवे चित्र दाखवतो, १२० हर्ट्झचा ८.३ मिलिसेकंदांनी आणि २४० हर्ट्झचा ४.२ मिलिसेकंदांनी. म्हणजे पहिल्या उडीत आठ मिलिसेकंद वाचतात आणि दुसऱ्या, कितीतरी खर्चिक उडीत चार. पहिला फरक माझ्यासारख्या घोडेस्वारालाही माउस हलवताच कळतो. दुसरा फरक भाच्याला कळतो आणि तो कळत नसलेल्या माणसांविषयी त्याला वाटणारी दया त्याच्या चेहऱ्यावर दिसते. खोक्यावर ठळक अक्षरांत लिहिलेल्या ‘१ मिलिसेकंद’ या प्रतिसादवेळेकडे, म्हणजे ठिपक्याला रंग बदलायला लागणाऱ्या वेळेकडे, मात्र आम्ही दोघांनीही एकमताने दुर्लक्ष केले, कारण तो आकडा बहुधा अशा सेटिंगवर मिळवलेला असतो की ज्यात हलत्या वस्तूंच्या मागे त्यांची भुते धावताना दिसतात.

यानंतर ठिपक्यांचा हिशेब आला. फोर-के पडद्यावर ३८४० गुणिले २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख पिक्सेल असतात. माझ्या जुन्या २७ इंची पडद्यावर २५६० गुणिले १४४०, म्हणजे सुमारे ३७ लाख होते. आकडा सव्वादोन पट वाढला की मन हुरळून जाते. परंतु तेच ८३ लाख ४२ इंचांवर पसरले की दर इंचाला १०५ पिक्सेल मिळतात आणि जुन्या पडद्यावर ते १०९ होते! पडदा भलामोठा झाला आणि चित्राची बारकाई होती तिथेच राहिली. ५५ इंचांवर हा आकडा ८० वर येतो आणि ६५ सेंटिमीटरांवरून पाहणाऱ्याला अक्षरांच्या कडांवरच्या पायऱ्या मोजता येऊ लागतात. उलट ३२ इंचांवर तो १३८ पर्यंत चढतो, आणि मग मजकूर इतका बारीक होतो की विंडोजला सगळे दीडपट मोठे करून दाखव असे सांगावे लागते.

शिवाय हे ८३ लाख पिक्सेल रंगवण्याचे काम ग्राफिक्स कार्डाकडे असते आणि सव्वादोन पट कामासाठी ते सव्वादोन पट बळ मागते. पडदा घेणाऱ्याला कार्ड घ्यावे लागते, कार्ड घेणाऱ्याला पॉवर सप्लाय बदलावा लागतो, पॉवर सप्लाय बदलणाऱ्याला कॅबिनेट उघडावे लागते आणि आतली धूळ पाहून पुढचे विचार सुचतात. यावर तंत्रज्ञांनी तोडगा काढला आहे. अशी कार्डे बनवणाऱ्या कंपन्यांपैकी एनव्हिडियाने २०१८ मध्ये डीएलएसएस हे तंत्र आणले आणि २०२१ मध्ये एएमडीने एफएसआर आणले. या दोन्हींत कार्ड आधी लहान चित्र काढते आणि मग अंदाजाने ते मोठे करते. म्हणजे आपण ८३ लाख ठिपक्यांचे पैसे मोजतो, कार्ड त्यातले काही प्रत्यक्ष रंगवते आणि उरलेल्या ठिकाणी काय असावे याचा तर्क करते. तर्क पुष्कळदा इतका चांगला असतो की तक्रार करवत नाही, एवढेच माझे दुःख आहे.

खरा पेच पुढेच होता. ४० इंचांच्या वर गेले की मॉनिटर विरळ होत जातात आणि टीव्ही दाट होत जातात. एनव्हिडियाने २०१८ मध्ये ६५ इंची, टीव्हीचे चॅनेल पकडणारा ट्यूनर नसलेल्या, निव्वळ गेमसाठीच्या पडद्यांची कल्पना वाजतगाजत मांडली होती, पण तिने फारसे मूळ धरले नाही. मग एलजीने २०२० मध्ये ४८ इंची आणि २०२२ मध्ये ४२ इंची ओएलईडी टीव्ही आणले आणि टीव्ही टेबलावर ठेवण्याची नवी पद्धत पडली. माझीही मान तिकडे वळली. परंतु टीव्हीची आणि संगणकाची मनोवृत्ती मुळातच निराळी असते. आपला मालक दूर कोचावर रेलला आहे आणि त्याला सिनेमा पाहायचा आहे, अशी टीव्हीची जन्मजात समजूत असते. त्यामुळे तो आपण न सांगता दोन चित्रांच्या मध्ये तिसरे कल्पित चित्र घालून हालचाल गुळगुळीत करतो आणि या विचारमंथनाला वेळ लागत असल्याने आपण बटण दाबल्यावर पात्र जरा थांबून उडी मारते. काही टीव्ही चित्राच्या चारही कडा थोड्या छाटतात, म्हणजे विंडोजचा टास्कबार पडद्याबाहेर जातो. रंगांची माहितीही ते कित्येकदा काटकसरीने वापरतात. सिनेमात ही काटकसर ओळखू येत नाही, पण काळ्या पार्श्वभूमीवरची बारीक लाल अक्षरे मात्र ओलसर दिसतात. ‘गेम मोड’ लावला आणि त्या इनपुटला ‘पीसी’ असे नाव दिले की यातले बहुतेक दोष जातात. मला प्रश्न एवढाच पडला की पीसी लावल्यावर तो पीसी आहे हे टीव्हीला मी का सांगावे. त्यातून संगणक झोपला तरी टीव्ही जागा राहतो आणि संगणक उठला तरी टीव्ही झोपून राहतो, म्हणून की-बोर्ड आणि माउस यांच्या शेजारी रिमोट हे तिसरे उपकरण मांडून बसावे लागते.

केबलचा प्रश्न याच प्रकरणातला. मॉनिटरला डिस्प्लेपोर्ट असते. टीव्हीला सहसा एचडीएमआयच असते. एचडीएमआय २.० मधून फोर-के चित्र ६० हर्ट्झने जाते, १२० हर्ट्झ हवे असेल तर २०१७ साली आलेले २.१ लागते. इथपर्यंत सारे स्वच्छ आहे. पण उपकरणावर ‘२.१’ लिहिलेले असले म्हणजे २.१ ची सर्व वैशिष्ट्ये त्यात असतीलच असे नियम म्हणत नाही. भाच्याने हा नियम मला समजावून सांगितला तेव्हा मी त्याला तो पुन्हा सांगायला लावला, कारण पहिल्यांदा तो ऐकताना माझा स्वतःच्या कानांवर विश्वास बसला नव्हता. हाच मोकळेपणा एचडीआरच्या, म्हणजे उजेड आणि अंधार यांतला फरक अधिक खुलवून दाखवण्याच्या तंत्राच्या, शिक्क्यांतही आढळतो. पडद्यांची मानके ठरवणाऱ्या व्हेसा या संस्थेने २०१७ च्या अखेरीस डिस्प्लेएचडीआरचे दर्जे ठरवले. त्यातल्या सर्वांत खालच्या, म्हणजे ४०० च्या शिक्क्यासाठी पडद्याचे निरनिराळे भाग वेगवेगळे मंद करता येणे आवश्यक नाही. त्यामुळे माझा मावळता सूर्य उजळला की त्याच्यासोबत डोंगराची सावलीही उजळू शकते.

पॅनेलच्या, म्हणजे पडद्यातल्या चित्र उमटवणाऱ्या भागाच्या, बाबतीत मी थोडक्यात सांगतो, कारण तिथे प्रत्येकाचा धर्म वेगळा आहे. आयपीएस जातीच्या पॅनेलवर अक्षरे सुरेख दिसतात, पण काँट्रास्ट, म्हणजे पांढऱ्या-काळ्याच्या उजेडाचे प्रमाण, साधारण हजारास एक असल्यामुळे गुहेत शिरल्यावर काळोखाऐवजी धुके भेटते. व्हीए पॅनेल काळोख चांगला दाखवते, मात्र त्या काळोखात काही हलले की काजळ फिसकटल्यासारखा माग उरतो. ओएलईडीचा प्रत्येक ठिपका स्वतः प्रकाशतो किंवा पूर्ण विझतो, आणि ते चित्र पाहिल्यावर बाकी सर्व पडदे आपल्याला आजवर फसवत होते अशी भावना होते. परंतु एकाच जागी तासन्‌तास राहिलेल्या आकृतीचा डाग त्यावर कायमचा उमटू शकतो. म्हणून ओएलईडी घेणारी माणसे टास्कबार लपवतात, वॉलपेपर काळा ठेवतात, आयकॉन काढून टाकतात आणि जरा उठायचे झाले तर पडदा बंद करून उठतात. जगातला सर्वांत सुंदर पडदा विकत घ्यायचा आणि मग त्यावर शक्यतो काही दिसू द्यायचे नाही, ही साधना मोठी आहे. माझा दिवस मजकुरात जातो आणि गेम संध्याकाळी वाट्याला येतो, त्यामुळे त्या साधनेचा अधिकारी मी नव्हे.

आता पुन्हा अंतराकडे वळतो. ६५ सेंटिमीटरांवर ठेवलेला ४२ इंची पडदा डोळ्यांसमोर सुमारे ७१ अंशांचा कोन व्यापतो. गेममध्ये नकाशा एका कोपऱ्यात आणि उरलेले आयुष्य दुसऱ्या कोपऱ्यात दाखवण्याची रीत आहे. कागदाच्या पडद्यासमोर बसून मी त्या दोन्ही कोपऱ्यांकडे आळीपाळीने पाहून घेतले आणि माझ्या पात्राआधी माझीच मान कामी येणार याची खात्री पटली. वक्र पडदा घेतला तर कोपरे जवळ येतात हे खरे. पण १००० आर वक्रतेचा अर्थ त्या वर्तुळाची त्रिज्या एक मीटर आहे असा होतो, म्हणजे डोळे तिथे एक मीटरवर अपेक्षित आहेत, आणि माझे टेबल इथेही ३५ सेंटिमीटरांनी कमी पडले. सॅमसंगने २०२२ मध्ये ५५ इंची, याच वक्रतेचा आणि उभाही करता येणारा पडदा आणला. तो उभा केला की सव्वा मीटरच्या आसपास उंच होतो आणि वरून माणसाच्या अंगावर वाकतो. त्याच्यासमोर बसण्यासाठी जी छाती लागते ती मला नाही.

शेवटी मी अशी योजना मांडली की पडदा भिंतीवर टांगावा, टेबल भिंतीपासून थोडे पुढे ओढावे आणि डोळा व काच यांच्यात ९० सेंटिमीटर अंतर पाडावे, म्हणजे ४२ इंचांचा मार्ग मोकळा होईल. भाच्याने मोबाइलवर आकडेमोड केली.

“मामा, ९० सेंटिमीटरवरून ४२ इंच म्हणजे ५८ सेंटिमीटरवरून २७ इंच. दोन्ही डोळ्याला सारखेच दिसणार.”

मी म्हणालो की त्या तेवढ्याच कोनात आता ३७ लाखांऐवजी ८३ लाख पिक्सेल असतील आणि लांब पाहिल्याने डोळ्यांनाही आराम पडेल. हे दोन्ही मुद्दे खरे आहेत. तरीही खोलीतली अर्धी जागा अडवून, बटण स्थलांतरित करून आणि भिंत फोडून मी जुन्याच आकाराचे चित्र लांबून पाहणार होतो, हा मुद्दा सर्वांत खरा होता, आणि तो ऐकायला पत्नी दारात उभी होती.

मी ३२ इंची फोर-के आयपीएस पडदा घेतला. ६५ सेंटिमीटरांवरून तो ५७ अंशांत मावतो, नकाशा मान न वळवता दिसतो आणि १४४ हर्ट्झवर घोडा सुरेख पळतो. भाच्याने या आकड्याला ‘ठीक आहे’ असे म्हटले, जे त्याच्या तोंडून फार झाले. टेबल एक मीटर खोल असते तर मी ४२ इंचच घेतले असते, हेही इथे नोंदवतो. जुना २७ इंची पडदा शेजारीच ठेवावा असा विचार होता, परंतु ७१ आणि ६० मिळून १३१ सेंटिमीटर होतात आणि टेबलाची रुंदी १२० आहे. जुना पडदा उभा केला तर १०५ मध्ये भागते. तेव्हा तो उभा केला आहे, आणि त्याच्या आड दिव्याचे बटण येत नाही याची पत्नीने स्वतः येऊन खात्री करून घेतली आहे.